पिंग केल्यावर 'टीटीएल एक्सपायर्ड इन ट्रान्झिट' येतं, राउटर बदलावा का?

भाऊ, थांबा, राउटरवर पैसे घालू नका. आर्णीजवळच्या तुमच्या सेवा केंद्रातून पिंगचं (समोरचा सर्व्हर उत्तर देतो का ते तपासणाऱ्या कमांडचं) पॅकेट, म्हणजे डेटाचं छोटं पाकीट, बाहेर पडतंय, पुढे कुठेतरी गोल फिरतंय.

प्रत्येक पॅकेटवर टीटीएलचा ('टाइम टू लिव्ह', म्हणजे पॅकेटचं आयुष्य) आकडा असतो. विंडोज साधारण १२८ टाकतं, लिनक्स आणि अँड्रॉइड ६४, कमाल २५५. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की तो राउटर पॅकेट फेकतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायच्या पद्धतीचा) टाइप ११ संदेश धाडतो, तोच तुम्हाला दिसतोय. (१९८१ च्या मूळ नियमात हा आकडा सेकंदांचा होता, आता नुसते टप्पे मोजतात.)

नागपूर, मुंबई करत परदेशी सर्व्हरपर्यंतही सहसा तीसच्या आत टप्पे लागतात. म्हणजे १२८ संपले तर दोन राउटर एकमेकांकडे बोट दाखवतायत, तलाठी ऑफिस आणि तहसीलसारखं!

खात्री करायची तर 'ट्रेसर्ट' (tracert, वाटेतल्या राउटरांचे पत्ते ओळीने दाखवणारी विंडोजची कमांड) चालवा. तेच दोन पत्ते आलटून पालटून दिसले की लूप पक्का. ते पत्ते तुमच्या राउटरच्या पुढचे असतील तर स्क्रीनशॉट काढून इंटरनेटवाल्याला पाठवा, रूट त्यालाच दुरुस्त करावा लागेल. मधेच पत्त्याऐवजी नुसते तारे (*) दिसले तर घाबरू नका, बरेच राउटर असे संदेश मुद्दाम कमी पाठवतात.

आणि विंडोजच्या पिंगखालचं '०% लॉस' खरं मानू नका. हे एररचे संदेशही ते 'रिसीव्ह्ड'मध्येच मोजतं.