पाइप छताच्या वर न्या, आणि पॉलिसीचे कागद काढा

पेनसिल्व्हेनियाहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. बेसमेंटमध्ये रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात झिरपणारा किरणोत्सर्गी वायू, मोजला. लिटरभर हवेत ११ पिकोक्युरी निघाला (पिकोक्युरी हे किरणोत्सर्गाचं माप). बेसमेंटच्या स्लॅबखालची हवा पंख्याने ओढून पाइपने बाहेर सोडणाऱ्या सिस्टिमची दोन कोटेशनं हातात आहेत. २,००० डॉलरवाला पाइप बाहेरच्या भिंतीवरून छताच्या वर नेणार, १,२०० वाला तो भिंतीतून बाहेर काढून जमिनीपासून दोन फुटांवर सोडणार. ‘दोन वर्षांनी घर विकायचंच आहे, मग ८०० वाचवू का? आणि या सिस्टिममुळे घराची किंमत आठ-दहा हजारांनी वाढेल ना?’

८०० वाचवू नका. स्लॅबखालून ओढलेल्या हवेत रेडॉन शेकडो पिकोक्युरी असू शकतो. दोन फुटांवर सोडलेली ती हवा खिडकीतून परत घरात येते, म्हणजे १,२०० देऊन तुम्ही पंखाच फक्त विकत घेता. पाइपचं तोंड जमिनीपासून किमान दहा फूट उंच, छताच्या कडेच्या वर आणि खिडक्यांपासून लांब हवं. २,००० वाल्यालाही विचारा, बाहेर जाड पीव्हीसी लावणार की पावसाच्या पाण्याची पन्हळ? पन्हळीचे सांधे गळतात आणि थंडीत आतली वाफ गोठते. पंखा घराबाहेर हवा. पाइपला उतार असा हवा की आत साचलेलं पाणी परत जमिनीत जाईल. आणि राज्याचं प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. पंखा सुरू झाल्यावर २४ तासांनंतर, पण ३० दिवसांच्या आत पुन्हा मोजा. आकडा ४ च्या खाली हवा. विजेचे वर्षाला शंभरेक डॉलर धरा.

किंमत वाढणार नाही. घेणारा माणूस रेडॉन मोजेल आणि घासाघीस करणार नाही, एवढाच फायदा. त्यावर दहा हजारांची आशा बांधू नका.

तुमच्या पत्रातलं मला खरं टोचलं ते शेवटच्या परिच्छेदातलं वाक्य. ‘४०१-केमध्ये पैसे टाकत नाही, कारण ओळखीच्या एका गृहस्थांनी चार वर्षांपूर्वी मुलीच्या कॉलेजसाठी इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी दिली आहे, महिना ६०० डॉलर.’ ४०१-के म्हणजे नोकरीतून मिळणारं निवृत्तीचं बचत खातं, आणि ही पॉलिसी म्हणजे आयुर्विमा आणि शेअर निर्देशांकाला बांधलेली बचत एकत्र. पगार १,२०,०००. तुम्ही टाकाल तेवढेच पैसे, पगाराच्या ४ टक्क्यांपर्यंत, कंपनी घालते. म्हणजे वर्षाला ४,८०० आणि चार वर्षांत १९,२०० डॉलर तुम्ही कंपनीकडेच सोडून दिलेत. पाइपच्या ८०० डॉलरच्या फरकावर तुम्ही पानभर लिहिलंत, आणि याला एक वाक्य!

पॉलिसीत आजवर २८,८०० भरले. आज मोडली तर हातात १३,००० येतील, हे तुम्हीच लिहिलं आहे. मुलगी अकरा वर्षांची, कॉलेज सात वर्षांवर. अशा पॉलिसींवर मोडण्याचा दंड बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षं चालतो, म्हणजे फी भरायची वेळ येईल तेव्हाही तो कदाचित डोक्यावर असेलच. ‘बाजार पडला तरी तोटा नाही’ असं सांगून विकतात. बाजार चढला तरी तुमच्या वाट्याला ठरावीक टक्क्यांपर्यंतच येतं, लाभांश तर नाहीच, आणि विम्याचा खर्च वयाबरोबर वाढत जातो, हे त्या चहाच्या बैठकीत कुणी सांगत नाही. विकताना दाखवतात ते सात टक्के परतावा धरून फुगवलेलं रंगीत कोष्टक म्हणजे वचन नव्हे. विकणाऱ्याला मात्र पहिल्याच वर्षी घसघशीत कमिशन मिळालेलं असतं. असल्या विक्रीची मला मनापासून चीड येते, कारण ती मुलीच्या नावावर होते.

आता क्रम नीट पाळा. आधी साधा टर्म विमा घ्या आणि तो सुरू झाल्याचं पत्र हातात येऊ द्या. तोवर जुनी पॉलिसी मोडायची नाही. चार वर्षांत तब्येतीचं काही निघालं असेल तर मोडण्याआधी मला पुन्हा लिहा. नंतर ६०० मधले ४०० दरमहा ४०१-केमध्ये. ते करआधीचे पैसे असल्यामुळे हातातला पगार त्याहून कमी घटेल. उरलेल्यातून टर्मचा हप्ता, बाकी मुलीच्या ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात. त्या भरण्यावर पेनसिल्व्हेनियात राज्याच्या करातून वजावटही मिळते. गेलेले पंधरा-सोळा हजार परत येणार नाहीत, ते भरून काढायला म्हणून आणखी हप्ते भरू नका.

विमा कंपनीकडून वर्षावार दंडाचं कोष्टक लेखी मागवा आणि मला पाठवा. पाइपवाल्याला आजच फोन करा. आणि बेसमेंटमध्ये मुलीचं अभ्यासाचं टेबल आहे असं तुम्ही लिहिलं आहे, ते आज रात्रीच वर आणा.