वीगन माणसाचा लोकांना एवढा राग का येतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: मांस खाणं नैतिकदृष्ट्या चुकीचं आहे का, आणि कुणी वीगन झालं, म्हणजे मांस, अंडी, दूध असं प्राण्यांपासून मिळणारं सगळं खाणं सोडलं, की आजूबाजूचे का चिडतात. आधी चिडण्याबद्दल सांगतो.

प्राण्याचे हाल बघवत नाहीत आणि मांस तर आवडतं, हे दोन्ही बहुतेकांच्या मनात एकत्रच नांदत असतं. मानसशास्त्रात याला ‘मीट पॅराडॉक्स’ म्हणतात. एरवी त्याची टोचणी जाणवत नाही. पण जेवताना कुणी नुसतं ‘मी हे खात नाही’ म्हटलं तरी ती जाणवते, उपदेश करावाच लागत नाही. मिन्सन आणि मोनां या संशोधकांच्या २०१२ च्या अभ्यासात काही जणांना आधी विचारलं गेलं, की शाकाहारी लोक तुमच्या नैतिकतेबद्दल काय म्हणतील? त्यांनी मग शाकाहारींबद्दल इतरांपेक्षा वाईट मत दिलं. कुणी न केलेल्या आरोपाचा हा राग आहे.

मग ‘झाडांनाही जीव असतो’ हे येतंच. झाडांना मेंदू नाही, मज्जासंस्था नाही. आणि झाडांचीच कणव असेल तरी मांस सोडावं, कारण जनावर पोसायला त्याच्या मांसातून मिळतं त्याहून कितीतरी जास्त धान्य-चारा लागतो.

आता मूळ प्रश्न. माझ्या मते, ज्याला दुसरं खाणं सहज मिळतं त्याने मांस खाणं चूक आहे. जगात दरवर्षी खाण्यासाठी ८० अब्जांच्या आसपास जमिनीवरचे प्राणी मारले जातात, मासे वेगळेच. त्यांत बहुतेक कोंबड्या. मांसासाठी वाढवलेली कोंबडी साधारण सहा आठवड्यांत कापली जाते. अंडी देणाऱ्या जातीतली नर पिल्लं तर ना अंडी देतात ना भराभर मांस धरतात, म्हणून बहुतेक देशांत जन्मल्या दिवशीच मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी आणली. म्हणूनच मांस सोडून अंड्यांपाशी थांबणं मला पटत नाही. दूधही वासरू झाल्याशिवाय येत नाही, आणि दुग्धव्यवसायाला नर वासरं नकोच असतात. या जिवांना वेदना होतात याबद्दल आता गंभीर वाद उरलेला नाही.

ध्रुवीय प्रदेशात शिकारीवर जगणाऱ्याला किंवा हाती येईल ते खाऊन दिवस काढणाऱ्याला मी दोष देणार नाही. काही वीगन मंडळी तो देतात, ते मला अजिबात आवडत नाही.

तुम्ही स्वतः हा विचार करत असाल, तर घरच्यांच्या ‘मग प्रोटीनचं काय?’ या प्रश्नाला टोमणा समजू नका. त्यात बरीचशी काळजी असते. डाळी, कडधान्यं, सोयाबीन यांतून प्रोटीन मिळतं हे नीट सांगा. बी-१२ मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, त्याची गोळी पहिल्यापासून सुरू करा आणि अधूनमधून रक्त तपासून घ्या.