दवाखान्यातली रुग्णाची माहिती बायोबँकेतल्या नमुन्याशी नाव-वयावरून जोडली तर काय बिघडतं?

प्रश्न सरळ आहे: नमुना बायोबँकेच्या, म्हणजे संशोधनासाठी रक्ताचे वगैरे नमुने जपून ठेवणाऱ्या साठ्याच्या फ्रीझरमध्ये, माहिती दवाखान्याच्या संगणकात, मग नाव आणि वय टाकून दोन्ही जुळवायला काय हरकत? मी नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) नमुन्यांवर हेच काम करतो. नावावर अजिबात विसंबू नका.

धडगावची यादी उघडा, पावरा आडनाव एकाखाली एक येत जातं. कुठे पावरा, कुठे पावारा. वय अंदाजाने सांगितलेलं. ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं माणूस परतल्यावर दुसऱ्याच दवाखान्यात नवा केसपेपर काढतं. एकाच नावाच्या दोन बायकांचे अहवाल एकत्र झालेले मी पाहिलेत. ते सोडवायला आठवडा गेला. म्हणून रक्त काढतानाच नळीवर आणि केसपेपरवर एकच बारकोड लावायचा. लेबल थंडी सोसणारं हवं, साधं लेबल उणे ८० अंशांत सुटून पडतं. कोणता कोड कोणाचा ही यादी वेगळी, कुलपात. संशोधकाला फक्त कोड दिसतो.

पण खरी गोम तारखांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाला रक्त चढवलं की दात्याच्या लाल पेशी तीनेक महिने त्याच्या अंगात फिरतात. त्या काळात घेतलेला नमुना एचपीएलसी यंत्रावर (हे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवतं) लावला तर आजारी माणूस नुसता वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून फक्त दोष बाळगणारा, वाटू शकतो! यंत्र चुकलेलं नसतं, नमुनाही खराब नसतो. रक्त चढवल्याची तारीख मात्र दवाखान्यात राहिलेली असते. तेव्हा शेवटचं रक्त कधी चढवलं, हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचं औषध कधी सुरू केलं, नमुना कधी घेतला आणि किती वेळाने फ्रीझरमध्ये गेला, एवढे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर शोधायला गेलात तर अर्धे केसपेपर हाती लागत नाहीत.

संमतीचं काम तर घाईत उरकूच नका. धुळ्याकडच्या एका आजीने मला विचारलं होतं, "भाऊ, मनं रगत कोठे लई जातस?" फॉर्मवर तिचा अंगठा आधीच उमटलेला होता. फार वाईट वाटलं. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसाला संमती मागे घेता येते, पण नमुना कोणाचा हे शोधता आलं तरच ना! म्हणून ती कुलपातली यादी फाडून टाकायची नाही. आता आम्ही आधी अहिराणीत किंवा पावरीत समजावतो, मग अंगठा घेतो आणि कोडची चिठ्ठी त्यांच्या हातात देतो. ती दाखवली की नळी शोधून नष्ट करता येते.