गोल कोपऱ्यांवर मालकी कुणाची?

प्रश्न: चीनमधल्या शेनझेनच्या कारखान्यातून तयार ब्लूटूथ स्पीकर मागवून मी पिंपरीतून आमच्या नावाने विकतो. दिल्लीच्या एका कंपनीची नोटीस आली आहे: हे डिझाइन आमच्या नावावर नोंदलेले आहे, विक्री थांबवा, भरपाई द्या. माझी ऑनलाइन लिस्टिंगही काढून टाकली गेली. कारखाना हाच माल पूर्वीपासून सगळ्यांना विकतो. साध्या आकारावर मक्तेदारी हा अन्याय नाही का?

उत्तर: न्याय-अन्यायाचे नंतर बघू. आधी नोटिशीतला नोंदणी क्रमांक आणि तारीख बघा. डिझाइन अधिनियम, 2000 नुसार त्या तारखेआधी तेच डिझाइन जगात कुठेही प्रसिद्ध झाले असेल, तर नोंदणी टिकत नाही. म्हणून कारखान्याचा जुना कॅटलॉग, पहिल्या खेपेचे बिल ऑफ एंट्री (माल आयात करताना कस्टम्समध्ये भरलेला कागद), परदेशी ग्राहकांचे फोटोसह अभिप्राय आजच गोळा करा. "ओल्ड मॉडेल, सर" असा कारखान्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज कोर्टात फारसा चालणार नाही. बिलात चित्र नसते आणि कॅटलॉगवर बहुधा तारीख नसते; मॉडेल क्रमांकाने दोन्ही जोडून दाखवावे लागतात. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र लागेल.

पुरावा भक्कम असेल, तर डिझाइन अधिनियमाच्या कलम 19 खाली कोलकात्यातल्या डिझाइन कार्यालयात नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करता येतो. दिल्लीच्या कंपनीने दावा लावलाच, तर हेच मुद्दे बचावातही घेता येतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. संरक्षण फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाला मिळते, ते कसे चालते याला नाही, आणि तेही आधी 10 वर्षे आणि मुदत वाढवली तर आणखी 5. एवढे मला रास्त वाटते. अमेरिकेत मात्र डिझाइन पेटंटचा (तिथल्या डिझाइन-हक्काचा) भंग झाला की वस्तूवरचा सगळा नफा मागता येतो; गोल कोपऱ्यांच्या फोनवरून ॲपल आणि सॅमसंग 2011 पासून सात वर्षे भांडले. ती 'वस्तू' म्हणजे फोनचा एखादा भागही असू शकतो, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये म्हटले, तरी 2018 मध्ये ज्युरीने सॅमसंगवर 53.9 कोटी डॉलरची भरपाई ठरवलीच. आपल्याकडे तसा नियम नाही. आपल्याकडचा अन्याय वेगळा: डिझाइन कार्यालयाच्या परीक्षकाला चीनचा प्रत्येक कॅटलॉग दिसत नाही, नोंदणी होऊन जाते, आणि ती मोडायचा खर्च तुमच्यासारख्याच्या गळ्यात पडतो.

नोटिशीला मुदतीत उत्तर द्या, पण "नकळत झाले" असे लिहू नका. ती कबुली ठरू शकते. जुना पुरावा हाती लागलाच नाही, आणि जाळी, बटणे, पट्टा धरून दोन्ही स्पीकर सारखेच दिसत असतील, तर मात्र विक्री थांबवा आणि उरलेल्या मालापुरती तडजोड बोला.