मनात पाल चुकचुकली, पुढे काय झालं?

"माझ्या मनात पाल चुकचुकली ना, की काहीतरी होतंच." हे माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणांनी ऐकवलंय की एकदा लिहायलाच हवं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

त्यांतल्याच एक बाई, चाळिशीतल्या. मुलीने फोन उचलला नाही की डोळ्यांपुढे थेट अपघात. "उगाच काळजी करतेस" असं घरचे येताजाता म्हणत. त्याने काळजी जात नाही, माणूस ती बोलून दाखवायचं थांबतो, एवढंच.

"फोन उचलला नाही, तर अपघाताची शक्यता किती टक्के वाटते?"

"साठ-सत्तर."

"असं आजवर कितीदा वाटलं?"

"शेकडो वेळा."

"आणि खरं ठरलं?"

"एकदा. ती गाडीवरून पडली, त्या दिवशी मला सकाळपासूनच..."

तो दिवस त्यांना तासातासाने आठवत होता. उरलेल्या शेकड्यांतला एकही नाही. खरा ठरलेला अंदाज मन जपतं, फसलेला टाकून देतं. म्हणून मी वही ठेवायला सांगतो. अंदाज निकाल कळायच्या आधी लिहायचा, टक्क्यांसकट. नंतर लिहिला तर मन तो सोयीने फिरवतं. आणि एका वहीत एकाच जातीची काळजी. फोनच्या नोंदींत परीक्षेची भीती घुसडली की आकड्याला अर्थ उरत नाही.

काही महिन्यांत ४८ नोंदी झाल्या. अपघात शून्य. मला वाटलेलंच, आता त्या विचारणार:

"पण एकोणपन्नासाव्या वेळी झालं तर?"

"होऊ शकतं. शून्य वेळा घडलं म्हणून शक्यता शून्य होत नाही."

लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८व्या शतकात यावर एक साधा नियम दिला: घडलेल्या वेळांत एक मिळवा, एकूण वेळांत दोन, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. इथे शून्याचा एक झाला, ४८ चे ५०. म्हणजे पन्नासात एक, २ टक्के. तेही बाईंच्या बाजूने झुकतं माप, कारण हा नियम हातात एकही नोंद नसताना ५० टक्क्यांपासून सुरुवात करतो.

बाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे हा शून्य कधीच होणार नाही?"

"नाही."

"मग इतकी वर्षं मी शून्याचीच वाट बघत होते."

हे वाक्य माणसाने स्वतःच म्हणावं, म्हणून मी वहीतून निष्कर्ष काढायची घाई करत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझा भर असतो, तो यासाठीच: त्रास धोक्यापेक्षा 'खात्री मिळालीच पाहिजे' या हट्टाचा जास्त असतो. नुसतं गणित हट्ट मोडत नाही. पण स्वतःच्या अक्षरातल्या नोंदींशी भांडणं अवघड जातं.

पुढचं सोपं होतं. दोन टक्क्यांना शोभेल तेवढंच करायचं: एक मेसेज, अर्ध्या तासाने पुन्हा फोन. लागोपाठ वीस कॉल नाहीत. मात्र नवी माहिती आली, समजा मुलगी तापाने फणफणत घराबाहेर पडली असेल, तर आकडा वाढवायचा. तो दगडावरची रेघ नव्हे. आणि छातीत दुखतंय, गाठ लागतेय, अशा वेळी वही उघडायचीच नाही. तिथे आपले चार-दोन अनुभव पुरत नाहीत, हजारो रुग्णांच्या नोंदींतून आलेलं ज्ञान लागतं. ते डॉक्टरांकडे असतं.

शेवटच्या भेटीत त्या '५ टक्के' लिहीत होत्या. मी दुरुस्त केलं नाही.