गो भाषेत विनंतीची (रिक्वेस्टची) सामाईक माहिती हँडलरपासून डेटाबेसपर्यंत कशी न्यावी?

गो या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या सर्व्हरमध्ये रिक्वेस्ट आयडी आणि लॉगिन केलेला युजर हँडलरपासून (रिक्वेस्ट घेऊन उत्तर देणारे फंक्शन) डेटाबेसपर्यंत प्रत्येक थरात न्यायचा आहे, पण टीममध्ये कोणी ग्लोबल व्हेरिएबल वापरतो, कोणी स्ट्रक्ट (अनेक फील्ड एकत्र ठेवणारा टाइप), तर कोणी पॅरामीटर. तेव्हा एकच रीत कोणती धरावी, असे आपण विचारले आहे.

ग्लोबल व्हेरिएबल आधी बाद करा. गोचा एचटीटीपी सर्व्हर प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र गोरूटीन (गोमधला हलका, समांतर चालणारा थ्रेड) चालवतो, त्यामुळे एकाच वेळी आलेल्या दोन रिक्वेस्ट एकमेकींचा युजर पुसून टाकू शकतात. जावातल्या थ्रेडलोकलसारखी, म्हणजे प्रत्येक थ्रेडला स्वतःची वेगळी साठवण देणारी, सोय गोरूटीनला मुद्दामच दिलेली नाही. त्या जागी कॉन्टेक्स्ट आहे, म्हणजे रिक्वेस्टची माहिती, मुदत आणि रद्द होण्याचा संकेत सोबत नेणारी वस्तू, आणि तो ऑगस्ट २०१६ मध्ये १.७ आवृत्तीपासून स्टँडर्ड लायब्ररीत आला. रूढ संकेत असा की, तो फंक्शनचा पहिला पॅरामीटर असावा, त्याचे नाव सीटीएक्स असावे आणि तो स्ट्रक्टमध्ये साठवू नये, कारण स्ट्रक्ट रिक्वेस्टपेक्षा जास्त काळ जगतो आणि मग कोणत्या रिक्वेस्टचा कॉन्टेक्स्ट चालू आहे हे सांगता येत नाही.

कॉन्टेक्स्टमध्ये काय ठेवावे, यावरच टीममध्ये खरे वाद होतात. माझे मत असे की, ज्या माहितीवाचून फंक्शनचा निर्णय बदलत नाही, उदाहरणार्थ रिक्वेस्ट आयडी किंवा ट्रेस आयडी (एकच रिक्वेस्ट अनेक सर्व्हिसमधून ओळखता यावी म्हणून दिलेला क्रमांक), ती त्यात जावी. पण पैसे परत करणाऱ्या फंक्शनला युजर कोण हे कळणे आवश्यक असेल, तर तो उघड पॅरामीटर म्हणूनच द्यावा, कारण कॉन्टेक्स्टमधून न सापडलेली व्हॅल्यू कंपायलर पकडत नाही. डेटाबेस कनेक्शन तर त्यात कधीच नको. व्हॅल्यू ज्या नावाने ठेवायची ती की (किल्ली) म्हणून साधी स्ट्रिंग वापरू नका, कारण दोन पॅकेजांनी एकच नाव वापरले तर आतली व्हॅल्यू बाहेरचीला झाकते. पॅकेजाबाहेर न दिसणारा स्वतःचा टाइप करून, व्हॅल्यू ठेवणारे एक आणि वाचणारे एक, एवढीच दोन फंक्शने बाहेर द्यावीत.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो हँडलरमधून पाठीमागे सोडलेल्या कामात. समजा, ऑर्डर नोंदवून आपण लगेच उत्तर दिले आणि ईमेलचे काम नव्या गोरूटीनकडे सोपवले, तर हँडलर परतताच रिक्वेस्टचा कॉन्टेक्स्ट रद्द होतो आणि ईमेल अर्ध्यावरच अडकतो. यावर बरेच जण कॉन्टेक्स्ट डॉट बॅकग्राउंड, म्हणजे कधीही रद्द न होणारा रिकामा कॉन्टेक्स्ट, वापरतात. ईमेल जातो खरा, पण लॉगमधला रिक्वेस्ट आयडी नाहीसा होतो आणि तक्रार आल्यावर तो धागा जुळवता येत नाही. १.२१ आवृत्तीपासून विदाउटकॅन्सल उपलब्ध आहे: ते व्हॅल्यू टिकवते, रद्द होणे मात्र तोडते. मूळ मुदतही त्यात सुटते, म्हणून वर विदटाइमआउट लावून स्वतःची मुदत द्यावी. नाहीतर अडकलेली गोरूटीन तशीच लटकत राहील.

दुसऱ्या सर्व्हिसकडे कॉन्टेक्स्ट आपोआप जात नाही. तिथे ट्रेस आयडी हेडरमध्ये घालावा लागतो, आणि त्यासाठी डब्ल्यूथ्रीसी या वेब मानके ठरवणाऱ्या संस्थेचा ट्रेसपेरेंट हेडर वापरणे बरे.

जुना कोड एका दमात बदलणे शक्य नसल्यास, जिथे कॉन्टेक्स्ट अजून पोहोचलेला नाही तिथे कॉन्टेक्स्ट डॉट टूडू लिहा. तो शब्द शोधला की उरलेल्या जागा लगेच समोर येतात. गोलँगसीआय-लिंट या कोडमधल्या चुका आपोआप शोधणाऱ्या साधनात कॉन्टेक्स्टचेक आणि कंटेन्डसीटीएक्स हे दोन लिंटर चालू ठेवले, तर मधेच तुटलेली साखळी आणि स्ट्रक्टमध्ये लपवलेला कॉन्टेक्स्ट रिव्ह्यूच्या आधीच सापडतो.