बायसचा स्क्रू फिरवण्याआधी

ट्यूब अँपचा बायस, म्हणजे सिग्नल नसताना पॉवर ट्यूबमधून वाहणारा करंट, कसा लावायचा ते तू विचारलंस. आधी एक विचारतो, तुझा अँप फिक्स्ड बायसचाच आहे ना, म्हणजे ट्यूबच्या ग्रिडला वेगळं निगेटिव्ह व्होल्टेज देणारा? कॅथोड बायसचा असेल तर फिरवायला स्क्रूच नसतो, सगळं काम कॅथोडचा रेझिस्टर करतो.

फिक्स्ड असेल तर प्रत्येक पॉवर ट्यूबच्या कॅथोड आणि ग्राउंडमध्ये १ ओहमचा, १ टक्का टॉलरन्सचा रेझिस्टर घाल. मग मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितकेच मिलिअँप, गणित करायला नको. पहिल्यांदा चालू करताना ग्रिडचं (ट्यूबमधला करंट आवरणाऱ्या जाळीचं) व्होल्टेज सर्वांत जास्त निगेटिव्ह ठेव आणि स्पीकर जोडलेला आहे ना, ते बघ. नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर गमावशील.

समज, ६एल६जीसी ही पॉवर ट्यूब आहे, तिच्या प्लेटची (करंट गोळा करणाऱ्या पत्र्याची) उष्णता झेलायची मर्यादा ३० वॅट. त्याचे ७० टक्के म्हणजे २१ वॅट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर २१ला ४५०ने भागून करंट साधारण ४६ मिलिअँप. पण स्क्रू फिरवून करंट वाढवला की प्लेटचं व्होल्टेज उतरतं, म्हणून दोन्ही पुन्हा मोजायचं. कॅथोडच्या आकड्यात स्क्रीनचा (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा) थोडा करंटही धरलेला असतो, तेव्हा तू नकळत सुरक्षित बाजूलाच राहतोस.

७० टक्के ही कमाल मर्यादा समज. मला स्वतःला ६०च्या आसपासचा आवाज आवडतो, ट्यूबही जास्त टिकतात. प्लेट लालसर दिसली तर मीटर बघत बसू नकोस, लगेच बंद कर.

आणि हो, बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो. तो रेझिस्टरमधून उतरव, मीटरने खात्री कर, मगच आत हात घाल.